गुरनुले साहेबांच्या अखत्यारीत

गुरनुले साहेब दौऱ्यावर निघाले की जीपमध्ये सगळ्यात आधी त्यांची खुर्ची चढायची. साधी लाकडी खुर्ची. पाठीवर पांढऱ्या रंगात कार्यालयाचा क्रमांक आणि मागचा एक पाय तारेनं आवळलेला. ती नीट आडवी बसली की साहेब बसायचे, आणि उरलेल्या जागेत मी, माझी पिशवी आणि कोतवाल. मी तेव्हा नवी तलाठी होते. जन्म ऊर्जानगरच्या कॉलनीतला, वडील वीज केंद्रात, आणि पहिलीच नेमणूक थेट जंगलात. खुर्चीचा एक पाय बरगडीत घेऊन मी पहिले सहा महिने नोकरी केली.

एकदा न राहवून विचारलं, "सर, गावात खुर्च्या असतात की."

"असतात ना. पन कोनाच्या असतात?" साहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं का मानूस त्याचा पाहुना होते, मॅडम. मंग पाहुन्याले नाई म्हनता येत नाई."

साहेब नायब तहसीलदार होते. मूळचे सावली तालुक्याकडचे, धानवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. तहसीलदाराची खुर्ची आमच्याकडे कायम रिकामी असायची, कारण ज्याची ऑर्डर निघे तो रुजू होण्याआधी आजारी पडे. त्यामुळे पदभार साहेबांकडे. अंगानं किडकिडीत, डोक्याला पांढरा रुमाल, खिशात दोन पेनं आणि तोंडात एकच प्रश्न, "हे कोनाच्या अखत्यारीत येते?"

हा प्रश्न त्यांना कुठेही पडत असे. कार्यालयाच्या आवारात बकरी शिरली तर ती ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत की महसूलच्या. छप्पर गळायला लागलं तर बांधकामाच्या की आपल्या. एकदा मला ताप आला, तर रजेच्या अर्जावर सही करता करता म्हणाले, "मलेरिया आरोग्याच्या अखत्यारीत, अशक्तपना तुमच्या. नीट जेवत जा."

आमच्या तालुक्याचा नदीपलीकडचा भाग कित्येक वर्षं सरकारच्या हाताबाहेर होता. तिथे जंगलवाल्यांचा, म्हणजे नक्षल्यांचा, शब्द चालायचा. तलाठ्याचं दफ्तर अलीकडच्या काठावरच थांबायचं. मग केंद्राची फोर्स आली. येरमेट्टा नावाच्या गावाजवळ तिनं कॅम्प टाकला, काटेरी तार ओढली, वाळूच्या पोत्यांचे मोर्चे रचले. त्यामागून रस्ता आला, पूल आला, मोबाइलचा टॉवर आला, एसटी आली. सगळ्यात शेवटी आलो आम्ही, खुर्ची घेऊन.

"एरिया आता क्लिअर झालाय," कॅम्पचे प्रमुख घोरपडे साहेब पहिल्या भेटीत म्हणाले.

"क्लिअर म्हंजे काय?" गुरनुले साहेबांनी विचारलं. "ढग होते का?"

तिथून त्या दोघांचं सुरू झालं.

सूरज घोरपडे असिस्टंट कमांडंट. कराडकडचा तिशीतला उंच, देखणा गडी. मनानं चांगला होता. फक्त त्याला सगळं लवकर हवं असे. गावात विहीर नाही? कॅम्प खणून देईल. डॉक्टर नाही? कॅम्पचा येईल. शाळेला पत्रे, पोरांना चेंडू, म्हाताऱ्यांना चादरी, सगळं कॅम्पातून. लोकही काही लागलं की कॅम्पाच्या गेटावर जाऊन बसायला लागले. आमच्याकडे कोणी येईना. गुरनुले साहेबांना हे फार लागलं.

"आधी लोकं जंगलवाल्याईले इचारत होते, आता कॅम्पवाल्याईले इचारतात," ते म्हणाले. "बंदूक बदलली फक्त. सरकार कुठी आहे?"

पहिली अडचण गेटावरच आली. कॅम्पात शिरायचं तर रजिस्टरवर नाव लिहून सही करावी लागे. पहारेकरी झारखंडचा जवान होता. तो नम्रपणे म्हणाला, "साहब, नाम लिख दीजिए।"

"ही जागा कोनाची आहे? शासनाची. तुमाले कोनी दिली? तहसीलने दिली. मंग मी माझ्याच जागेत जायाले सही देऊ?" साहेबांनी हे सगळं मराठीतच सांगितलं. जवान घाबरून घोरपड्यांना बोलवायला आत गेला. गुरनुल्यांनी खुर्ची गेटाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली मांडली आणि बसले. घोरपडे बाहेर आले, त्यांनी बराच वेळ समजावलं आणि शेवटी आतून स्वतःची खुर्ची मागवली.

तेव्हापासून मुलकी आणि लष्करी प्रशासनाच्या सगळ्या बैठका मोहाखाली झाल्या. दोन्ही खुर्च्यांचे पुढचे पाय एका रेषेत आहेत की नाहीत, हे गुरनुले साहेब बसण्याआधी पाहून घेत. मोह फुलायच्या दिवसांत बैठक चालू असताना टपटप फुलं पडायची, आणि दोघंही आपल्या अंगावरची फुलं न झटकता भांडायचे.

जातीच्या दाखल्यांचं शिबिर झालं, तेव्हा तर फारच झालं. मंडप कॅम्पचा, बॅनर कॅम्पचा, जेवण कॅम्पचं. घोरपड्यांना वाटत होतं, दाखले आपल्या हातून दिले जावेत, म्हणजे लोकांचा फोर्सवर विश्वास बसेल. गुरनुले म्हणाले, "सही माझी आन हात तुमचा, असं कसं?" माघार कोणीच घेईना. शेवटी एक टोक त्यांनी धरायचं, एक यांनी, असं ठरलं. तो फोटो माझ्याकडे आहे. डावीकडे घोरपडे, उजवीकडे गुरनुले, मधे ताणलेला दाखला, आणि समोर दोन्ही हात पसरून उभा असलेला एक म्हातारा, ज्याला तो कोणाकडून घ्यायचा ते कळत नाहीये.

आम्ही हसायचो. शिपाई तर साहेबांची नक्कल करायचा. हेलिपॅडचं प्रकरण होईपर्यंत मलाही हा नुसता म्हाताऱ्याचा हट्टच वाटत होता.

कॅम्पला हेलिपॅड हवं होतं. कोणाला गोळी लागली किंवा डोक्यात ताप गेला, तर हेलिकॉप्टर उतरायला जागा पाहिजे. मागणी खरी होती. जागा निवडली गावाच्या पूर्वेची, सपाट, मोकळी, कॅम्पला लागून. वरून फोन आले, ना-हरकत ताबडतोब द्या. साहेबांनी टेबलावरचा नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जागा पाहून देतो."

आम्ही गेलो तर चुन्यानं मोठं वर्तुळ आखून झालं होतं. वर्तुळाच्या एका अंगाला उभे दगड होते. कमरेएवढे, काही त्याहून उंच, काही झुकलेले. येरमेट्ट्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. नकाशात ती जागा पडीक होती. नकाशा कोणी तिथं येऊन काढलाच नव्हता.

"हे दगड काढावे लागतील," घोरपडे म्हणाले. "आम्ही सन्मानानं दुसरीकडे हलवू. गावाशी बोललोय मी. कोणाची हरकत नाही."

"हरकत नाई असं म्हनले?"

"काही म्हणाले नाहीत."

"हो ना," साहेब म्हणाले. "काई म्हनले नाई."

त्यांनी खुर्ची उचलली आणि चुन्याच्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर नेऊन ठेवली. कोतवालाला गावात हाक द्यायला पाठवलं. सुनावणी आहे, सगळ्यांनी यावं.

लोक आले. बाया, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या पोरी. दगडांच्या बाजूला उकिडवे बसले आणि जमिनीकडे पाहत राहिले. साहेबांनी विचारलं, कोतवालानं माडिया बोलीत सांगितलं, कोणी बोललं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. एक माणूस खोकला, तेवढंच.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. त्या गावात आजवर ज्यानं ज्यानं सभा बोलावली त्याच्या हातात बंदूक होती. सभेत जो बोलला त्याला दुसरी बाजू रात्री येऊन विचारायची, काय बोललास. गप्प बसणं लोक फार मोल देऊन शिकले होते.

ऊन चढलं. साहेब बसूनच. दुपारी त्यांनी डबा उघडला, पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली, हात धुतले, पुन्हा बसले. अधिकाऱ्यांनी दिवस कलण्याआधी नदी ओलांडून परत जायचं असा नियम होता. घोरपडे घड्याळ पाहायला लागले.

"साहेब, निघायला हवं. इथं तुमची जबाबदारी माझ्यावर आहे."

"सुनावनी संपल्याबिगर मले उठता येत नाई."

"मी तुम्हाला उचलून गाडीत घालेन."

"कोनाच्या अखत्यारीत?"

घोरपड्यांनी वॉकीटॉकीवर हुकूम दिले. जवान आले आणि सगळ्या बाजूंनी जंगलाकडे तोंड करून उभे राहिले. स्वतः घोरपडे वर्तुळाच्या कडेला भर उन्हात हेल्मेट घालून उभे. त्यांच्याच मागणीविरुद्ध चाललेल्या सुनावणीला त्यांचाच पहारा. लोक हे पाहत होते. बंदुकांची तोंडं पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला होती.

बऱ्याच वेळानं एक म्हातारी उठली. चुक्की तिचं नाव. हातात काठी, कपाळावर जुनं गोंदण. ती दगडांबद्दल काहीच बोलली नाही. तिनं एक प्रश्न विचारला, आणि कोतवाल तो मराठीत सांगायला कचरायला लागला.

"सांग ना, काऊन थांबला?" साहेब म्हणाले.

"ते इचारते... तुमा दोघात मोठा कोन?"

या प्रश्नाची वाट साहेब वर्षभर पाहत होते, आणि आता सगळ्या गावासमोर तो आला होता. पण साहेबांनी नुसतं घोरपड्यांकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं असावं की या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः दिलं तर त्याला काही किंमत नव्हती.

घोरपड्यांनी हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. ते म्हणाले, "इथं हे मोठे. हे नाही म्हणाले तर मी इथं काही करणार नाही."

कोतवालानं सांगितलं. म्हातारी थोडा वेळ त्या उंच पोराकडे पाहत राहिली. मग तिनं काठीनं एक दगड दाखवला. तो तिच्या नवऱ्याचा. त्याच्या शेजारचा मुलाचा. मुलाला कोणी मारलं ते तिनं सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही. दगड हलवला तर ते दोघं घर शोधत फिरतील, एवढंच ती म्हणाली. मग मागून एक माणूस बोलला. मग एक बाई. मग सगळेच बोलायला लागले, एकाच वेळी, आणि साहेबांना लिहिणं आवरेना. नाल्यापलीकडे खडकाळ माळ आहे, तिथं काही उगवत नाही, तिथं तुमचं विमान उतरवा, हेही त्यांनीच सांगितलं.

हेलिपॅड माळावर झालं. कॅम्पपासून थोडं लांब पडलं, म्हणून घोरपड्यांना वरून खुलासा मागितला गेला. काम अडवलं, म्हणून गुरनुले साहेबांनाही मागितला गेला. साहेब त्या दिवशी खूष होते. "दोघांलेई एकाच तारखेले खुलासा," ते मला म्हणाले. "म्हंजे दर्जा बरोबरीचा धरला."

यानंतर त्यांची दोस्ती झाली असेल असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. मोहाखाली पूर्वीसारखंच भांडण चालू राहिलं. रेशनच्या गाडीच्या तपासणीवरून, बाजाराच्या जागेवरून, झेंडावंदनाला दोरी कोणी ओढायची यावरून. फोनवरही तेच. रोज संध्याकाळी साहेबांच्या केबिनमधून आवाज यायचा, "असं कसं घोरपडे, असं कसं?"

गणपती झाले आणि पावसाळा सरत आला, तेव्हा एक दिवस दुपारी कार्यालयाच्या पायरीवर एक बाई येऊन बसल्या. नऊवारी लुगडं, जवळ एक कापडी पिशवी आणि तोंडाला फडकं बांधलेला डबा. चेहरा प्रवासानं काळवंडलेला.

"मामलेदार कचेरी हीच न्हवं?" त्यांनी मला विचारलं. "माझा सूरज हितल्या जंगलात हाय. घोरपड्याचा. वरीस झालं, घरला न्हाई आला. रजा मिळत न्हाई म्हनतो. फोन लावला तर लागत न्हाई. म्हनलं आपनच जावं."

कराडहून पुणे, पुण्याहून नागपूर, तिथून गडचिरोली, तिथून आमच्याकडे. एकट्या, विचारत विचारत. मी साहेबांना बोलावलं. साहेब बाहेर आले आणि डोक्यावरचा रुमाल काढून उभे राहिले.

"इथी कोनी पाठवलं, बाई?"

"कुनी न्हाई. आमच्याकडं काय बी अडलं की मामलेदार कचेरीत जात्यात. म्हनून आले."

साहेबांचा चेहरा असा काही उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी कोणीतरी आधी आमच्या दारात आलं होतं.

पण अडचण होती. एसटी येरमेट्ट्यापर्यंत जात होती, तरी कॅम्पात घरच्या माणसांना घेत नसत. आणि त्या दिवसांत वरून सावधानतेचा इशारा होता, घोरपड्यांना खासगी कामासाठी कॅम्प सोडता येत नव्हता. साहेबांनी हे त्यांना समजेल असं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कॅम्प त्याईच्या अखत्यारीत येते, बाई. तिथी माझं चालत नाई." वर्षभरात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

बाई डब्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायला लागल्या.

साहेब आत गेले आणि फोन लावला. दार उघडंच होतं. "घोरपडे, गुरुवारी समन्वय बैठक आहे. तुमची रसदीची गाडी येतेच इकडे, तिच्यासंगं या... नाई, दुसरा मानूस चालत नाई. प्रमुखानंच याचं... विषय? विषय आल्यावर समजन. प्रत्यक्ष हजर राहा, नाई तं वर कळवावं लागन."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ आलं.

साहेबांनी आपलं क्वार्टर बाईंना दिलं आणि स्वतः कार्यालयात मुक्काम टाकला. माझं क्वार्टर शेजारीच होतं. संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि जरा अवघडून म्हणाले, "मॅडम, दोन ताटं देता का? आन एखादा गिलास. माझ्याकडे एकच आहे सारं." त्यांची बायको लग्नानंतर लवकरच गेली होती, हे शिपायानं मला कधीतरी सांगितलं होतं. मी तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं.

गुरुवारी घोरपडे आले ते तापूनच. काखेत फाइल, मागे दोन जवान. "कसली बैठक आहे साहेब? इशारा आहे, माहीत नाही का तुम्हाला? उद्या काही झालं तर..."

"जागा बदलली," साहेब म्हणाले. "माझ्या क्वार्टरात ठेवली."

घोरपडे तरातरा गेले. आम्ही मागे. दार लोटलेलं होतं, आतून भाकरी भाजल्याचा वास येत होता. घोरपडे उंबऱ्यापाशी थांबले. फाइल त्यांच्या काखेतून खाली सरकली, ती मी उचलली. आतून आवाज आला, "किती वाळलास रं लेकरा."

साहेबांनी हळूच दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले.

आम्ही तिथंच बसून राहिलो. आत आधी काही ऐकू येईना. मग नाक ओढल्याचा आवाज, मग भांडं, मग बाई कोणाच्या तरी लग्नाबद्दल रागानं सांगत होत्या आणि घोरपडे हसत होते. त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. मी काही विचारायला गेले, तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

रसद भरून झाली. हवालदार येऊन म्हणाला, "सर, गाड़ी तैयार है।"

"बैठक सुरू आहे," साहेब म्हणाले. हवालदार मुकाट्यानं परत गेला.

बऱ्याच वेळानं घोरपडे बाहेर आले. डोळे लाल, ओठाला खर्डा लागलेला. म्हणाले, "बैठकीचं इतिवृत्त..."

"मी लिहितो," साहेब म्हणाले. "पुढची बैठक दिवाळीच्या आधी घ्याची, असं ठरलं. विषय हाच."

बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेल्या. साहेब त्यांना बसवून आले, कंडक्टरला दोनदा बजावून आले. संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. हातात घासून पुसून लख्ख केलेलं एक ताट आणि गिलास होता. मी घेतलं. ते गेले नाहीत. फाटकाच्या खिट्टीशी चाळा करत उभे राहिले.

"दुसरं ताट राहू देऊ का मॅडम, माझ्याकडे?" ते म्हणाले. "कोनी आलं-गेलं तं."

मी म्हटलं, राहू द्या सर.